शटर अर्ध्यावर

माझे वडील वाईला एका बँकेत शिपाई होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. शनिवारी माझी शाळा सकाळची आणि त्यांची बँक अर्धा दिवस, त्यामुळे घरी जाताना मी बँकेत जाऊन बसायचे. साडेबाराला ग्राहकांची वेळ संपायची. आप्पा लोखंडी आकडीनं शटर खाली ओढायचे, पण पूर्ण नाही, अर्ध्यावर. मग शेजारी स्टूल टाकून बसायचे. बाहेरून कोणी आलं तर "आता सोमवारी या" म्हणायचे. आत असलेल्या माणसांना मात्र ते कधी घाई करायचे नाहीत. कुणाचं पासबुक भरून व्हायचं असे, कुणाचा डिमांड ड्राफ्ट साहेबांच्या सहीसाठी थांबलेला असे. काम झालं की एकेक जण शटरखालून वाकून बाहेर पडायचा. शेवटचा गेला, की आप्पा उठून आत एक फेरी मारायचे. बाकावर, पाण्याच्या माठापाशी, लॉकरच्या बोळात कोणी राहिलं नाही ना ते बघायचे आणि मगच शटर जमिनीला टेकवायचे.

आज मी पुण्यात हिंजवडीला सर्व्हर सांभाळते. या कामाला अठरा वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं विमा कंपन्यांची कामं ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ती प्रोसेस ॲप्लिकेशन्स चालू ठेवण्यात आणि वेळ आली की ती बंद करण्यात गेली. चालू करण्याला लोक काम समजतात. बंद करायचं म्हटलं की विचारतात, "त्यात काय, बटण दाबायचं ना?" बटण आहे, आणि ते दाबायला सेकंदही लागत नाही. पण त्याच्या आधी काय करावं लागतं, ते मला या लेखात सांगायचं आहे. कारण तुमचा विम्याचा दावा, गृहकर्जाचा अर्ज किंवा नवीन वीजजोडणीची मागणी आज अशाच कुठल्यातरी ॲप्लिकेशनच्या आत बसलेली असू शकते.

एक दावा, बारा टेबलं

आयुर्विम्याचा मृत्यूदावा घेऊ. घरातलं माणूस गेलं, की वारसदार शाखेत अर्ज देतो. शाखेतला कर्मचारी कागद तपासतो आणि कमी असतील ते मागतो. प्रकरण मुख्य कार्यालयात जातं. गरज पडली तर डॉक्टरकडे जातं, कधी कायदा विभागाकडे. मग मंजुरी, मग खात्यावर रक्कम. पूर्वी हा प्रवास फायलीनं व्हायचा आणि शिपाई ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा. आता ते काम प्रोसेस ॲप्लिकेशन करतं. कोणाचं काम झालं, पुढे कोणाकडे द्यायचं, किती दिवस वाट बघायची, आठवण कधी पाठवायची, हे सगळं त्यात मांडलेलं असतं. अशी मांडणी आकृतीतून करायची एक सर्वमान्य पद्धत आहे, तिचं नाव बीपीएमएन. तिची दुसरी आवृत्ती २०११ साली आली आणि आज जगभर तीच वापरतात.

प्रत्येक दाव्यासाठी या ॲप्लिकेशनमध्ये एक स्वतंत्र धागा सुरू होतो. पुस्तकात त्याला इन्स्टन्स म्हणतात, आम्ही बोलताना केस म्हणतो. केस आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणेला टोकन म्हणतात. सापशिडीच्या पटावरची सोंगटी डोळ्यांसमोर आणा. पट म्हणजे ॲप्लिकेशन आणि सोंगटी म्हणजे तुमचा दावा.

तुमच्या फोनमधलं ॲप आणि हे ॲप्लिकेशन यांच्यातला फरक इथे कळतो. फोनमधलं ॲप नवीन आलं की जुनं जातं. दाव्याचं तसं होत नाही. मार्चमध्ये सुरू झालेला दावा डिसेंबरपर्यंत चालू शकतो आणि मधल्या काळात कंपनीचे नियम बदलतात. म्हणून आयबीएमच्या बिझनेस प्रोसेस मॅनेजरसारख्या प्रणालीत, आणि २०१८ नंतर त्याची जागा घेणाऱ्या बिझनेस ऑटोमेशन वर्कफ्लोमध्येही, प्रत्येक आवृत्तीचा एक स्नॅपशॉट सर्व्हरवर चढवतात. नवे दावे नव्या स्नॅपशॉटवर सुरू होतात, जुने दावे जुन्यावरच पुढे जातात. एकाच सर्व्हरवर एकाच कामाच्या तीन-तीन आवृत्त्या एकाच वेळी जिवंत असतात, आणि प्रत्येकीच्या पोटात माणसांची प्रकरणं असतात.

हे दावे सर्व्हरच्या स्मृतीत सतत जागे नसतात. केस वाट बघायला थांबली, की तिची सगळी स्थिती डेटाबेसमध्ये लिहून ठेवली जाते. त्यामुळे रात्री सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी काही हरवत नाही. केस जिथे होती तिथून पुढे चालते. लोक सर्व्हर बंद होण्याला घाबरतात. मला खरी काळजी असते ती ॲप्लिकेशन कायमचं बंद करण्याची.

बंद करण्याचे तीन अर्थ

मराठीत आपण नळ बंद करतो, दुकान बंद करतो आणि बोलणंही बंद करतो, सगळ्याला शब्द एकच. सर्व्हरवर मात्र या एका शब्दाची तीन वेगळी कामं होतात, आणि ती वेगळी ओळखता येणं यातच माझी निम्मी नोकरी आहे.

पहिलं काम डिॲक्टिव्हेट. म्हणजे या आवृत्तीवर नवी केस सुरू होणार नाही, पण आधी सुरू झालेल्या केसेस चालत राहतील. आप्पांचं अर्ध्यावरचं शटर.

दुसरं स्टॉप. म्हणजे ॲप्लिकेशनच थांबतं. त्याच्या आधारावर चाललेल्या केसेस आहेत तिथे खोळंबतात. डेटाबेसमध्ये त्यांची नोंद सुखरूप असते, पण त्यांना पुढे नेणारं कोणी उभं नसतं.

तिसरं अनडिप्लॉय. म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हरवरून उतरवून टाकायचं. त्याच्या आत कोणी असेल तर त्याला परतायला पट उरत नाही.

हा फरक समजवायला मी नव्या मुलांना दोन तारखा सांगते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा मध्यरात्रीपासून चलनातून बाद झाल्या. खिशातल्या नोटेनं दुसऱ्या दिवशी वाण्याकडे साखर घेता येईना, बँकेसमोर रांग लावावी लागली. तो स्टॉप. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं दोन हजारांची नोट चलनातून मागे घेतली, तेव्हा बँकांना सांगितलं की ही नोट आता नव्यानं कोणाला देऊ नका. लोकांच्या हातातली नोट मात्र कायदेशीर चलन म्हणून कायम राहिली, आणि बदलून घ्यायला आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ७ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली. तो डिॲक्टिव्हेट. दोन्ही वेळा नोटच मागे घेतली होती, पण सामान्य माणसाच्या दिवसात त्यानं केवढा फरक पडला, हे मुलांना लगेच आठवतं. मग डिॲक्टिव्हेट आणि स्टॉप यांत त्यांची गल्लत होत नाही.

इतर प्रणालींत शब्द वेगळे आहेत, विचार तोच. बर्लिनच्या कामुंडा कंपनीच्या सातव्या आवृत्तीत याला सस्पेंड म्हणतात. नुसती प्रक्रिया सस्पेंड केली तर नवी केस सुरू होत नाही. चालू केसेसही थांबवायच्या असतील तर ते वेगळं सांगावं लागतं. म्हणजे ज्यांनी ही सॉफ्टवेअर्स बांधली त्यांनीही दार लावणं आणि आतल्यांना अडवणं या दोन गोष्टी मुद्दाम निराळ्या ठेवल्या आहेत. त्यांना एकत्र करतो तो घाईत असलेला माणूस.

अकरा दावे

ती घाई मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विमा कंपनीच्या दाव्यांचं ॲप्लिकेशन आमच्याकडे होतं. जुनी आवृत्ती तीन महिन्यांपूर्वीच डिॲक्टिव्हेट केलेली होती. शनिवारी रात्री अकरा ते तीन अशी चेंज विंडो मिळाली होती. त्या वेळेत ती आवृत्ती थांबवायची होती. मी कामांची यादी उघडली. एकाही कर्मचाऱ्याच्या इनबॉक्समध्ये त्या आवृत्तीचं काम दिसत नव्हतं. आत कोणी नाही असं मी धरलं आणि स्टॉप दिला. सव्वाबाराला सगळं हिरवं दिसत होतं. आम्ही चहा घेतला आणि घरी गेलो.

अकरा दावे आत होते. ते कोणाच्या इनबॉक्समध्ये नव्हते, कारण ते माणसाची नाही, कागदाची वाट बघत होते. वारसदाराकडून कागद मागितल्यावर केस टायमरवर जाऊन बसते. कागद आले तर पुढे सरकते, नव्वद दिवसांत आले नाहीत तर आठवण पाठवते. या अवस्थेत ती कुठल्याच टेबलावर नसते. मी टेबलं बघितली होती, माठापाशी कोणी उभं आहे का ते बघितलं नव्हतं.

बारा दिवसांनी एका तालुक्याच्या शाखेतून फोन आला. एक बाई कागद देऊन गेल्या होत्या आणि त्यानंतर दोनदा एसटीनं येऊन विचारून गेल्या होत्या. कर्मचाऱ्यानं कागद स्कॅन करून चढवले होते, पण दावा हलत नव्हता. पडद्यावर एकच शब्द दिसायचा, 'प्रक्रियेत', आणि तो बिचारा तोच वाचून दाखवायचा. कागद आल्याचा निरोप घ्यायला पलीकडे ॲप्लिकेशनच उभं नव्हतं. त्याच दिवशी मी ते पुन्हा सुरू केलं. अकराच्या अकरा केसेस हलल्या, एकाही रुपयाचं नुकसान झालं नाही. अहवालात 'परिणाम : किरकोळ' असं लिहिलं गेलं.

त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. पण नवऱ्याच्या मृत्यूचे कागद घेऊन स्टँडपासून शाखेपर्यंत चालत आलेली बाई मला त्या 'किरकोळ' शब्दाच्या मागे आजही दिसते. तेव्हापासून इनबॉक्स रिकामा दिसला म्हणून मी काही बंद करत नाही. मी थेट डेटाबेसमध्ये जाऊन केसेस मोजते. चालू किती, टायमरवर किती, बाहेरच्या निरोपासाठी थांबलेल्या किती आणि चूक होऊन अडकलेल्या किती. शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा असतो. अडकलेली केस काहीच हालचाल करत नाही, म्हणून ती संपलेली वाटते.

अनाथ टोकन आणि जबरदस्तीचा पर्याय

आत राहिलेल्यांना नव्या आवृत्तीत हलवता येत नाही का? येतं. त्याला मायग्रेशन म्हणतात. पण पट बदलताना सोंगटी जुन्या पटावर ज्या घरात होती, ते घर नव्या पटावर हवं. नियम बदलले आणि एखादी पायरी काढून टाकली असेल, तर त्या पायरीवर थांबलेल्या टोकनला नव्या आवृत्तीत जागाच नसते. अशा टोकनला आमच्या धंद्यात अनाथ टोकन म्हणतात. हा शब्द कोणी सहज ठेवला असेल, पण मला तो फार नेमका वाटतो. हलवण्याआधी अशी टोकन शोधून काढायची सोय असते. प्रत्येकाला नव्या पटावर कुठे बसवायचं ते माणसानं ठरवून लिहून द्यावं लागतं. आणि ते ठरवणारा सर्व्हर सांभाळणारा नसावा, दाव्यांचं काम जाणणारा असावा. वैद्यकीय तपासणीच्या पायरीवर थांबलेली केस मी माझ्या अकलेनं मंजुरीच्या पायरीवर नेऊन ठेवली, तर ती तांत्रिकदृष्ट्या चालेल आणि व्यवहारात घोटाळा होईल.

दुसरा रस्ता जबरदस्तीचा. आयबीएमच्या प्रणालीत बीपेल या जुन्या भाषेत लिहिलेल्या दीर्घकाळ चालणाऱ्या प्रक्रिया आहेत. त्यांची एक चांगली खोड अशी, की डेटाबेसमध्ये त्यांच्या केसेस उरल्या असतील तर ॲप्लिकेशन काढू देत नाहीत. संपलेल्या केसची नोंद असली तरी अडवतात. पण त्या आज्ञेला 'फोर्स' असा एक शब्द जोडता येतो. तो जोडला की चालू केसेस थांबवल्या जातात आणि त्यांच्या माहितीसकट पुसल्या जातात. चाचणीच्या सर्व्हरवर तो सोयीचा आहे, खऱ्या कामाच्या सर्व्हरवर त्याला हात लावू नये. लिनक्सवर काम करणारे हे वेगळ्या रूपात जाणतात. तिथे 'किल' या आज्ञेनं साधा निरोप, म्हणजे क्रमांक १५, पाठवला तर प्रोग्रामला हातातलं काम आवरायला वेळ मिळतो. 'किल मायनस नाइन' दिलं तर त्याला काहीच विचारलं जात नाही. रात्री दोन वाजता, डोळे जड झालेले असताना, बोटं आपोआप नऊकडे जातात. म्हणून माझ्या टीममध्ये जबरदस्तीची आज्ञा एकट्यानं द्यायची नाही, शेजारी दुसरा माणूस बसलेला असला पाहिजे.

न काढलेलं सामान

एवढं वाचल्यावर कोणी म्हणेल, मग राहू द्या ना जुनी आवृत्ती. कशाला काढायची? तेही चालत नाही. त्याचं सगळ्यात महाग उदाहरण अमेरिकेत घडलं.

नाइट कॅपिटल ही शेअर बाजारात प्रचंड उलाढाल करणारी कंपनी होती. तिच्या ऑर्डर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर पेग' नावाचं एक काम होतं. २००३ मध्ये ते वापरणं थांबलं, पण कोड सर्व्हरवरच राहिला. किती शेअर घेऊन झाले ते मोजून थांबायला सांगणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला. म्हणजे पॉवर पेग जागं झालं असतं तर त्याला 'आता पुरे' असं सांगणारं कोणी उरलं नव्हतं. १ ऑगस्ट २०१२ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. त्यात पॉवर पेगला जागं करणारा जुना फ्लॅग, म्हणजे कोडमधली खूण, नव्या कामासाठी वापरला होता. नवा कोड सात सर्व्हरवर चढला, आठवा राहिला. तो बघायला दुसरा माणूस नेमलेला नव्हता.

सकाळी साडेनऊला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं निजलेलं पॉवर पेग उठलं. बाजार उघडायच्या आधीच पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल यंत्रणेनं कर्मचाऱ्यांना पाठवले होते, पण ते इशारे म्हणून वाचले गेले नाहीत. गोंधळात कोणीतरी सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला. त्याबरोबर तिथलंही पॉवर पेग जागं झालं. पंचेचाळीस मिनिटांत ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपायी १५४ कंपन्यांच्या शेअर्सचे चाळीस लाखांवर सौदे झाले. कंपनीचे ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त बुडाले. अमेरिकेच्या बाजार नियामकानं २०१३ मध्ये या प्रकरणाचा तपशीलवार आदेश काढला. त्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आमच्याकडे नवा माणूस आला की मी त्याला तो आदेश वाचायला देते. तो कायद्याच्या भाषेत आहे, पण वाचताना घसा कोरडा पडतो.

वापर थांबवला म्हणजे काम संपलं असं तिथे धरलं गेलं. मी आत माणसं असताना शटर पाडलं. त्यांनी शटर नऊ वर्षं अर्ध्यावर सोडलं. दोन्हीकडे राहिली ती शेवटची फेरी.

सात महिने

गेल्या खेपेला एक आवृत्ती बंद करायची होती. डिॲक्टिव्हेट केली तेव्हा आत चारशेच्या वर केसेस होत्या. दर सोमवारी सकाळी मी आकडा घ्यायचे. महिन्याभरात तो निम्म्यावर आला, चौथ्या महिन्यात दोन आकड्यांत. मग तीन उरल्या. एकीत रक्कम परत आली होती, कारण वारसदाराची बँक दुसरीत विलीन होऊन शाखेचा जुना आयएफएससी कोड बंद झाला होता. नवा कोड भरल्यावर ती सुटली. दुसरीत दोन भावांचा वाद होता, तो मिटला. तिसरी अपघाती मृत्यूची. पोलिसांच्या अंतिम अहवालासाठी ती थांबली होती. नव्या आवृत्तीत ती पायरीच निराळी मांडलेली होती, त्यामुळे हलवली असती तर टोकन अनाथ झालं असतं.

आमच्या मॅनेजरनं रास्त प्रश्न विचारला. एका केससाठी अख्खी आवृत्ती किती दिवस पोसायची? प्रत्येक सुरक्षा-दुरुस्ती दोनदा तपासावी लागते, त्याचे तास लागतात. मी तासांचा हिशेब दिला, दावा विभागाच्या अधिकारी बाईंशी त्यांचं बोलणं करून दिलं. बाई म्हणाल्या, "पोलिसांचा कागद आला की दोन दिवसांत मोकळं करते, तोवर राहू दे." ते राहिलं. माझ्या ज्युनिअरनं त्या केसचा नंबर पांढऱ्या बोर्डवर कोपऱ्यात लिहून ठेवला होता. सफाईवाल्या मावशींना त्यानं सांगून ठेवलं होतं की एवढं पुसू नका.

सातव्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी अहवाल आला. गुरुवारी रक्कम गेली. ती खात्यावर जमा झाल्याचा निरोप परत येईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी मोजणी लावली. चालू शून्य, टायमरवर शून्य, निरोपासाठी थांबलेल्या शून्य, अडकलेल्या शून्य. संपलेल्या केसेसची माहिती जतन झाल्याची खात्री केली. पुन्हा एकदा मोजलं. ज्युनिअर म्हणाला, "मॅम, आत्ताच तर बघितलं." मी म्हटलं, "फेरी मारून येते."

शनिवारच्या चेंज विंडोत तिसऱ्यांदा मोजून स्टॉप त्यानं दिला, मी शेजारी बसले होते. आवृत्ती उतरवली, सगळे सर्व्हर एकेक करून तपासले, आठव्यासकट. सोमवारी कोणाचाही फोन आला नाही. मावशींनी विचारून बोर्डाचा कोपरा पुसला.